मीठ जातंय कुठं

माझ्या बरोबरीच्या बायका आता एकमेकींना भेटल्या की आधी रक्तदाबाचं विचारतात. कुणाला पापड बंद, कुणाला लोणचं बंद, कुणाच्या सुनेनं मिठाची बरणीच वरच्या फळीवर नेऊन ठेवलेली. मी त्यांच्यात बसून ताकात मीठ ढवळून घेते, वर खर्ड्याचा गोळा उचलते, आणि त्या माझ्याकडं बघत राहतात. माझा डॉक्टर वयानं माझ्या मुलासारखा आहे. दर खेपेला रक्ताचा रिपोर्ट बघतो आणि म्हणतो, "मॅडम, मीठ कमी पडू देऊ नका." असं वाक्य ऐकायला मिळणारी आमच्या गल्लीत मी एकटीच. हे भाग्य मला कसं मिळालं ते सांगायचं तर उचगावातल्या आमच्या घरात जावं लागेल. मी तेव्हा अकरावीत होते.

घर म्हणजे दोन खोल्या, पुढं ओसरीवजा सोपा आणि मागं अंगणासारखं परडं. परड्यात गोठा आणि गोठ्यात दोन म्हशी. आई दूध घालायची, आण्णा फौंड्रीत कामाला होते. आमची सकाळ चरवीत पडणाऱ्या धारांच्या आवाजानं सुरू व्हायची. मग स्टोची फरफर, मग लांबून फौंड्रीचा भोंगा, आणि या सगळ्यांच्या वर आत्तीचा आवाज. आत्ती म्हणजे आण्णांची थोरली बहीण. नवरा लवकर गेला, तशी ती माघारी भावाकडं आली आणि पुढं घर तिच्याच शब्दावर चाललं. माझ्या आईला या घरात आणली तीसुद्धा तिनंच. आई म्हणजे त्या दोघांच्या सख्ख्या मामाची मुलगी. आमच्याकडं मामाच्या पोरीवर पहिला हक्क भाच्याचा, त्यामुळं त्यात कुणाला काही वेगळं वाटायचं कारण नव्हतं. आत्ती बोलायला लागली की पलीकडच्या गल्लीतली माणसं आपलं बोलणं थांबवायची. तिला हळू बोलता येतच नसे, आणि गोड बोलायची तिला गरजही पडत नसे.

आण्णा संध्याकाळी भट्टीवरून परत यायचे तेव्हा त्यांच्या खाकी शर्टाच्या पाठीवर मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटलेल्या असायच्या. तिथं वितळलेलं लोखंड साच्यात ओतायचं काम. घामानं माणूस रिकामा व्हायचा. आई त्यांच्यासाठी तांब्याभर पाण्यात लिंबू पिळून त्यात मूठभर वाटावं एवढं मीठ घालायची, आणि ते एका दमात संपवून तांब्या खाली ठेवायचे. तळाशी राहिलेला घोट मी प्यायची. तो घोट मला कुठल्याही सरबतापेक्षा गोड लागायचा. आण्णांना ते कळत होतं. शेवटी शेवटी ते घोटभर जास्तच शिल्लक ठेवायला लागले होते, पण बोलले कधी नाहीत. आण्णा एकूणच कमी बोलायचे. दिवसभर भट्टीच्या आवाजात राहिल्यावर घरी त्यांना शांतता हवी असायची, आणि आत्ती असल्यावर ती त्यांना कशी मिळणार?

मीठ मला अगदी लहानपणापासून आवडायचं, पण आवडायचं म्हटलं तर ते खरं होणार नाही. तहान लागल्यावर पाणी आवडतं असं कुणी म्हणत नाही. मला मिठाची तहान लागायची. भाकरीवर मीठ, दहीभातावर मीठ, आंबिलीत वरून मीठ, कच्च्या चिंचेला लावून मीठ. भडंगाच्या पुडीत तळाशी जो खारट चुरा उरतो त्याच्यासाठी मी गल्लीतल्या पोरांशी भांडायची. लोणच्याची बरणी उघडी सापडली तर फोड सोडून आधी खार प्यायची. आईला याची धास्ती बसली होती. जास्त मीठ खाल्लं की रक्ताचं पाणी होतं, हाडं ठिसूळ होतात, असं तिनं तिच्या आईकडून ऐकलेलं. तिनं मीठ कुलपात ठेवायला सुरुवात केली. मग मी गोठ्याकडं वळले. म्हशींच्या आंबोणात, म्हणजे भिजवलेल्या पेंडीत, घालायला आई खडेमिठाचं पोतं आणून ठेवायची. त्यातला एक खडा गालात धरून मी म्हशींच्या मागं उभी राहायची. म्हशी माझ्याकडं बघायच्या. त्यांनी काही तक्रार केली नाही.

अंगात बळ मात्र नसायचं. नववीपर्यंत मी कबड्डीत होते, आणि एक चढाई करून आले की पोटऱ्यांत गोळे यायचे, तोंडाभोवती मुंग्या यायच्या, मांड्या दुसऱ्या कुणाच्या तरी असल्यासारख्या व्हायच्या. कॉलेज शहरात, वाटेवर एक चढ. सगळ्या मैत्रिणी सायकलवर उभ्या राहून तो चढ चढायच्या, मी उतरून सायकल ढकलत न्यायची आणि वर पोचल्यावर कठड्याला टेकून बसायची. भाकरी थापताना मधेच हात परातीत तसेच राहायचे. आत्ती म्हणायची, "ह्या वयात आमी दोन घागरी डोक्यावर आन् एक काखंत आणतोतो. तू पीठ मळून दमलीस व्हय?" गावातल्या डॉक्टरांनी डोळ्याच्या पापण्या ओढून बघितल्या, अशक्तपणा म्हणाले, लोहाचं टॉनिक दिलं, लाल इंजेक्शनं टोचली. दंड दुखला, बाकी सगळं होतं तसंच राहिलं. आळशी हे नाव मला घरात आणि गल्लीत कायमचं चिकटलं. वाईट याचं वाटायचं की मलाही ते खरंच वाटू लागलं होतं. आपल्यालाच मन नसेल, आपणच अंग चोरत असू, असं मी अंथरुणावर पडून स्वतःला विचारायची.

त्या वर्षी गावात म्हाई झाली. म्हाई म्हणजे आमच्या देवीची जत्रा; घरोघरी बकरं, दारोदारी पै-पावणं, आणि चुलीवर दिवसभर रटरटणारा रस्सा. आमच्याकडंही कुरुंदवाडची मावशी, तिची माणसं, फौंड्रीतले आण्णांचे सोबती असा गोतावळा जमला. जेवणावळीनंतर मला ढाळ लागले. तसे ते आणखी चौघापाचांना लागले, आणि बाकीचे दुसऱ्या दिवशी उठून कामाला गेले. मी मात्र दिवसभर ओकत राहिले. परड्यात वाकून ओकताना मला आत्तीनं बघितलं. त्याआधीही तिनं मला बऱ्याचदा गोठ्याच्या मागून तोंड पुसत येताना बघितलेलं होतं, आणि "काय करायलीस गं तिथं?" म्हणून विचारल्यावर मी "काय न्हाय" म्हणून सटकले होते. मिठासाठी बोलणी खावी लागतील एवढंच माझ्या मनात. तिच्या मनात काय जुळत होतं याची मला कल्पनाही नव्हती.

सकाळी जाग आली तेव्हा मला पाय उचलता येईनात. दुखत नव्हते, बधिर नव्हते, आईनं हात लावला तो कळत होता. फक्त ते माझं ऐकत नव्हते. मी घाबरून जोरजोरात श्वास घ्यायला लागले तसे हातांचे पंजे मनगटातून आत वळले, बोटं एकमेकांना चिकटून ताठ झाली आणि अंगठा तळव्यात गेला. चोच मिटावी तसे हात. आईनं ती बोटं उघडायचा प्रयत्न केला, ती उघडेनात, तशी तिनं आण्णांना हाक मारली. आण्णा कामावर निघालेले, ते माघारी वळले. त्यांनी फौंड्रीचा टेंपो आणला, मागच्या बाजूला पोत्यांवर वाकळ अंथरली आणि मला दोन्ही हातांवर उचलून ठेवलं. आत्ती माझं डोकं मांडीवर घेऊन बसली. खड्डा आला की ती ड्रायव्हरवर ओरडायची, "हळू घे की रं, लोखंड भरलंयस व्हय?"

शहरातल्या दवाखान्यात ज्यांनी मला बघितलं त्या इनामदार डॉक्टरीणबाई. ठेंगण्या, केस कापलेल्या, आणि प्रश्न विचारल्यावर उत्तर येईपर्यंत गप्प राहणाऱ्या. आमच्याकडं कुणी गप्प राहत नसल्यामुळं तेच मला पहिल्यांदा जाणवलं. त्यांनी रक्त काढलं, छातीला तारा लावून पट्टी काढली, हाताला सलाईन लावलं. संध्याकाळपर्यंत पाय हलायला लागले. रक्तातलं पोटॅशियम फार कमी झालं होतं, असं त्यांनी आण्णांना सांगितलं. ते आणखी खाली गेलं असतं तर काळीज थांबलं असतं. सगळ्यांना वाटलं ढाळामुळं झालं, आता भागलं. पण घरी सोडून परत तपासायला बोलावलं तेव्हा ते पुन्हा खाली. त्यानंतरच्या खेपेलाही खालीच. ढाळ कधीचे थांबलेले, जेवण व्यवस्थित, आणि तरी अंगातलं पोटॅशियम कुठंतरी चाललेलं.

तेव्हा बाईंनी आईला आणि आत्तीला बाहेर बसायला सांगितलं, दार लोटलं आणि खुर्ची माझ्याजवळ ओढली.

"शालन, मी विचारते त्याचं खरं उत्तर दे. मी रागावणार नाही. तू जेवल्यावर घशात बोट घालून उलटी काढतेस का?"

मी म्हटलं, "न्हाय."

"वजन कमी व्हावं म्हणून? किंवा दुसऱ्या कशासाठी? लघवी जास्त होण्याच्या गोळ्या मिळतात, तशी एखादी गोळी घेतेस का?"

"न्हाय वो बाई. गोळी कशाला घेऊ?"

त्यांनी ते लिहून घेतलं, पण त्यांना ते पटलेलं दिसलं नाही. त्यांचं काही चुकत नव्हतं हे मला आता कळतं. तरण्या मुलीच्या रक्तात असे आकडे दिसले तर डॉक्टरनं आधी हेच विचारायचं असतं, आजही विचारतात. पण तेव्हा मला एवढंच कळलं की ही शिकलेली बाईसुद्धा मला खोटी समजते. आणि दार नुसतं लोटलेलं होतं. बाकावर बसलेल्या आत्तीनं त्या सगळ्यातला उलटी हा एकच शब्द बरोबर टिपला.

घरी आल्यावर आण्णांच्या जेवणाच्या ताटासमोरच ती बोलली. "डॉक्टरीणबाईनं बी तेच इचारलं की. उलट्या काढतीस का म्हणून. मी कवापासनं बघायलोय, ही गोठ्यामागं जाती आन् तोंड पुसत येती. कॉलेजात काय चालतंय आपल्याला काय म्हाईत? पोरीच्या जातीला उलट्या कशानं हुत्यात ते मी सांगाय पायजे व्हय?"

आमच्याकडं बायकाही 'आलो, गेलो, बघायलोय' असंच बोलतात, बाहेरच्यांना त्याचं हसू येतं. त्या वेळी कुणालाच हसू आलं नाही. आईनं पदर तोंडाला लावला. आण्णांनी हातातला घास ताटात ठेवला. ते माझ्याकडं बघतील, विचारतील, असं मला वाटत होतं. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. त्यांनी बघितलंच नाही. हात धुतला आणि म्हणाले, "कॉलेज बंद." एवढंच. पुढच्या दिवसांत घरात माणसं चालायची, भांडी वाजायची, धारा निघायच्या, पण माझ्याशी कुणी सरळ बोलायचं नाही. वारणानगरकडचं एक स्थळ आहे असं आत्ती आईच्या कानात सांगत होती. तिच्या कानात सांगितलेलं मला चुलीपाशी ऐकू यायचं.

सुटका झाली ती इनामदार बाईंच्या हट्टामुळं. पुढच्या तपासणीला त्यांनी आत्तीलाच समोर बसवलं. म्हणाल्या, "मला हिची एका सकाळपासून दुसऱ्या सकाळपर्यंतची सगळी लघवी हवी आहे, एक थेंब वाया न घालवता. आणि त्या वेळात एका मोठ्या माणसानं हिच्यावरून नजर काढायची नाही. ही काय खाते, कुठं जाते, उलटी करते का, गोळी घेते का, सगळं बघायचं. कुणाला जमेल?"

"मला," आत्ती म्हणाली. "माझी नजर चुकवून मांजर बी जात न्हाय."

दुसऱ्या दिवशी आत्ती माझी सावली झाली. मी परड्यात गेले की ती पाठोपाठ प्लॅस्टिकचा कॅन घेऊन. मी जेवायला बसले की समोर पाटावर. मी झाडत होते, ती मागं. दुपारी मी आडवी झाले तर ती उशाशी बसून शेंगा फोडत होती. सुरुवातीला ती पोलिसासारखी गप्प होती. पण आत्तीला किती वेळ गप्प बसवणार? शेंगा फोडता फोडता ती आपल्या लग्नाचं सांगायला लागली; सासरी तिला पहिल्या वर्षी कसं कोंडून ठेवलं होतं, ती वांझ आहे म्हणून सासू गावभर कशी सांगत फिरली, आणि दोष नवऱ्यात होता हे माहीत असून तो कसा तोंड मिटून बसला. हे तिनं आईलाही कधी सांगितलेलं नव्हतं. सांगून झाल्यावर ती बराच वेळ टरफलं गोळा करत राहिली.

संध्याकाळी, धारा काढायला आई यायच्या आधीच, मला राहवेना. मी उठून गोठ्यात गेले, ती आलीच मागं. मी तिच्या देखत पोत्यात हात घातला, एक खडा काढला आणि तोंडात टाकला.

"हे काय करायलीस?"

"मीठ खातोय."

"म्हशीचं?"

"आई घरातलं देत न्हाय."

आत्ती दावणीच्या दगडावर बसली. "म्हंजे तू हितं येऊन..."

"व्हय. रोज. लहान असल्यापासनं. मीठ न्हाय खाल्लं तर मला उभं ऱ्हावंना हुतंय, आत्ती."

तिनं मला पुन्हा एकदा नीट बघितलं. चेहऱ्याकडं, मग हातांकडं, मग वाळलेल्या पोटऱ्यांकडं. "तोंड कशाला पुसतीस मग?"

"कळू नये म्हणून."

खरं तर तपासणीचा निकाल लागायच्या आधी आमच्या घरातला निकाल तिथंच लागला. रात्रीच्या जेवणाला तिनं माझ्या ताटात मिठाची चिमूट आपण होऊन वाढली. आई बघत राहिली तशी म्हणाली, "वाढू दे. डॉक्टरीणबाईनं सांगितलंय, जे खाती ते खाऊ द्या, फकस्त बघा."

सकाळी तो भरलेला कॅन दवाखान्यात न्यायचा होता. आण्णा कामावर, आई धारेला. आत्तीनं तो कापडी पिशवीत घातला, वरून टॉवेल गुंडाळला आणि बसमध्ये मांडीवर घेऊन बसली. मी शेजारी. बस गच्च. समोर उभा असलेला एक फेटेवाला म्हातारा पिशवीकडं बघत म्हणाला, "मावशी, ताक न्यायलाय व्हय पावण्यांस्नी?"

"व्हय," आत्ती म्हणाली. "आंबट हाय. पोचू दे नीट."

मी खिडकीकडं तोंड फिरवलं. हसू दाबताना माझ्या बरगड्यांत गोळा आला. आत्तीनं कोपरानं मला ढोसलं आणि स्वतःही रस्त्याकडं बघायला लागली, तिचे खांदे हलत होते. कितीतरी दिवसांत माझ्या शेजारी कुणी असं हललं नव्हतं.

निकालाच्या दिवशी बाईंनी सगळ्यांना बोलावलं होतं. आण्णा फौंड्रीत खाडा करून आले होते, इस्त्रीच्या शर्टात, आणि खुर्ची असून उभेच राहिले होते. बाई पहिल्यांदा माझ्याकडं वळल्या. "शालन, तू खरं सांगत होतीस." मग घरच्यांकडं. "मुलगी उलट्या काढत असती तर पोटातल्या आम्लाबरोबर क्लोराइड म्हणजे मिठाचा अर्धा हिस्सा तिथूनच गेला असता. मग मूत्रपिंडानं उरलेलं जिवापाड धरून ठेवलं असतं आणि लघवीत ते जवळजवळ दिसलंच नसतं. हिच्या लघवीत ते भरपूर आहे. अंगात कमी असूनही ते खाली वाहून चाललंय. आणि गोळी तिनं घेतली नाही याला तुम्ही साक्षीदार आहात."

"मी साक्षीदार," आत्ती म्हणाली. "एक क्षण सोडली न्हाय हिला. पर मग बाई, हिचं मीठ जातंय कुठं?"

बाईंनी एक कागद ओढला आणि त्यावर एक लांब वळणं घेत गेलेली नळी काढली. रक्त गाळून जे पाणी मूत्रपिंडात खाली उतरतं त्यात अंगातलं मीठही उतरतंच, त्या सांगत होत्या. सगळं तसंच गेलं तर माणूस जगणार नाही. म्हणून नळीच्या भिंतीतल्या पेशी ते उचलून पुन्हा रक्तात टाकतात, थोडं इथं, थोडं पुढं, जवळजवळ सगळं. शालनच्या नळीत शेवटाकडं एक टप्पा आहे, तिथल्या पेशींना ते नीट उचलता येत नाही. जे उचललं जात नाही ते पुढं जातं. अगदी शेवटी शरीराला जाग येते, ते घाईनं थोडं मीठ वाचवतं, पण त्याच्या बदल्यात पोटॅशियम घालवून बसतं; त्याच बिघाडात मॅग्नेशियमही वाहून जातं. म्हणून हिला मीठ खावंसं वाटतं आणि म्हणून हिच्या पायातलं बळ जातं.

आत्तीनं बोट ठेवून ती नळी पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितली. "म्हंजे ही मीठ खाती म्हणून आजारी न्हाय. आजारी हाय म्हणून मीठ खाती."

"अगदी बरोबर."

पुढं मी हाच धडा वारणानगरच्या ज्युनिअर कॉलेजात वर्षानुवर्षं शिकवला. मुलांना सांगायची, पेशीला दोन बाजू असतात. रक्ताकडच्या बाजूला एक पंप बसलेला असतो, तो सोडियम आतून बाहेर रक्ताकडं ढकलतो आणि पोटॅशियम आत घेतो. त्याला ऊर्जा लागते, आणि तो थांबत नाही. त्यामुळं पेशीच्या आत सोडियमची कायम टंचाई असते. मग मूत्राकडच्या बाजूचं सोडियम आपोआप आत यायला बघतं, पण पेशीचं पटल स्निग्ध, त्यातून ते असंच येऊ शकत नाही. त्याला प्रथिनाची वाट हवी असते. नळीच्या सुरुवातीला एक वाट, मधे दुसरी, शेवटाकडं तिसरी. कुठं ते साखरेबरोबर येतं, कुठं एकटं. माझ्यातली जी वाट बिघडलेली आहे तिच्यातून सोडियम आणि क्लोराइड जोडीनं येतात. इनामदार बाईंना तेव्हा एवढं बारीक ठाऊक नव्हतं, कुणालाच नव्हतं. ते प्रथिन आणि त्याचा जनुक पुढं सापडला. पण त्यांनी कागदावर जिथं पेनानं टिंब दिलं होतं, जागा साधारण तीच होती. वर्गात हे सांगताना एखादी मुलगी विचारायची, मॅडम, ते बिघडलं तर काय होतं? मी म्हणायची, काही नाही, शिक्षिका होता येतं.

तर त्या दिवशी दवाखान्यात आण्णा अजून उभेच होते. आता त्यांनी विचारलं, "बाई, हे मरायचं दुखणं हाय का?"

"नाही. मॅग्नेशियमची आणि पोटॅशियमची औषधं आयुष्यभर घ्यायची. मीठ हवं तेवढं खायचं. ढाळ-उलट्या झाल्या तर वाट न बघता इकडं यायचं. एवढं पाळलं तर ही म्हातारी होईल."

"कॉलेज?"

"ते का बंद करायचं?"

आण्णा "आलोच" म्हणून बाहेर गेले. खिडकीतून मला ते अंगणातल्या नळाखाली तोंड धुताना दिसले. बराच वेळ धूत होते. परत आले तेव्हा कॉलर भिजलेली, डोळे लाल. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्यांचा तळवा भाजून भाजून घट्टे पडलेला होता, त्याला माझे केस अडकले, आणि मला रडू फुटलं. आजारी आहे म्हणून मी रडत नव्हते. आपण आळशी नव्हतो, खोट्या नव्हतो, कधीच नव्हतो, हे कळलं, आणि एवढं मोठं ओझं अंगावरून उतरलं की ते पेलत बसायची सवय झालेल्या शरीराला काय करावं कळेना.

जाता जाता बाईंनी आईला विचारलं की तुमचं लग्न नात्यातलं का. आईनं हो म्हटल्यावर आत्तीचा चेहरा एकदम उतरला. असा दोष दोघांकडून अर्धा अर्धा यावा लागतो, आणि एकाच रक्तातल्या माणसांत तो जुळायची शक्यता जास्त असते, असं बाई सांगत होत्या. आत्ती पुटपुटली, "मी जुळवलंतं ते लगीन." बाईंनी तिच्या हातावर हात ठेवला. "तुम्हाला ते कुठून दिसणार होतं? आणि परवा एक दिवस तुम्ही बसला नसता तर मला आज हे सांगता आलं नसतं." आत्तीनं मान डोलावली, पण बसमध्ये ती सबंध वाटभर माझा हात धरून बसली होती.

मी पुन्हा कॉलेजला जायला लागले. औषधं कडू होती, पोट बिघडवायची, पण काही आठवड्यांनी भाकरी थापताना हात परातीत थांबत नाहीत हे माझ्या लक्षात आलं. म्हशींचं पोतं म्हशींकडं राहिलं. गल्लीत मात्र कुजबूज चालू होतीच. टेंपोतून नेलेली तरणी पोर, मग दवाखान्याच्या खेपा, मग घरात बसवलेली, लोकांनी आपापलं जुळवलं होतं. एके सकाळी मी आणि आई चुलीपाशी होतो. बाहेर नळावर पाण्याला बायकांची रांग. शेजारची एकजण आत्तीला म्हणाली, "काय गं, तुमच्या शालनला काय झालंतं म्हणं? वारणानगरचं स्थळ बी मोडलासा असं ऐकलं."

आम्ही दोघींनी कान टवकारले. टवकारायची गरज नव्हती.

"मोडलं न्हाय, आमीच नगं म्हटलं. पोरगी शिकणार हाय," आत्तीचा आवाज आला. "आन् झालंय काय म्हणशील तर ऐक. तुला बी किडनी हाय, मला बी हाय. व्हय का न्हाय? तिच्यात अशी वळणावळणाची नळी असती. त्या नळीच्या भित्तीत हमाल असत्यात. आपलं मीठ खाली चाललं की ते उचलून परत वर टाकत्यात. आमच्या शालनचे शेवटचे हमाल जरा ढिले हायत. एवढंच. तुझे हमाल चांगले हायत म्हणून तू जाड झालीयास. आता घागर सरकीव, माझा नंबर हाय."

बाहेर कुणीतरी खुदकन हसलं, मग दुसरी, आणि शेवटी ती जाड बाईसुद्धा. आईनं तव्यावरची भाकरी उलटायची विसरून पदर तोंडात कोंबला होता. सोप्यात दाढी करत बसलेल्या आण्णांचा आरसा हलत होता. ते मान खाली घालून आवाज न करता हसत होते, गालावर साबण तसाच. मीही हसत सुटले, पोट धरून, भिंतीला टेकून, आणि हसता हसता बरगड्यांत गोळा येईल म्हणून सवयीनं वाट बघितली. तो आला नाही. आत्ती भरलेली घागर घेऊन दारातून आत आली, आम्हा तिघांकडं आळीपाळीनं बघितलं आणि म्हणाली, "काय झालंय? भाकरी जळाली की."